चौथा ससाणा

सकाळी सव्वासातला आमच्या घरात कुणी कुणाला ओळख देत नाही. त्या दिवशीही दूध वर येत होतं, मुलीचा एक मोजा बेपत्ता होता, आणि चष्मा कपाळावर चढवून आमचे हे घरभर चष्मा शोधत होते. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मग पुन्हा वाजली. "आलेऽऽ" म्हणून मी ओरडले आणि गॅस बारीक केला, तर तिसऱ्यांदा घंटा, आणि तिच्या पाठोपाठ दारावर थापा. कडी काढेपर्यंत दार मोडतंय की काय असं वाटलं.

दारात शेजारच्या मावशी. आंघोळ झालेली, केस नीट बांधलेले, पायात मात्र दोन वेगवेगळ्या चपला.

"तुमची घंटा बिघडलीय गं," त्या म्हणाल्या. "तीनदा दाबली. हूं नाही की चूं नाही."

घंटा चांगली खणखणीत वाजली होती. पण त्या घटकेला वाद घालायला मला वेळ नव्हता.

"काय झालं मावशी? बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय? तू मागे ये आधी. आणि ते तुझं पुस्तक घे बरोबर. चौथा आलाय."

"अर्जंट, ऑर्डिनरी, लाइटनिंग झाले," ह्यांनी आतून डोकावून म्हटलं. "आता चौथा कुठला काढलात मावशी?"

"तुम्ही चष्मा शोधा," मावशी म्हणाल्या. "डोक्यावर आहे."

चौथा म्हणजे चौथा ससाणा. पण त्याआधी मावशी कोण ते सांगायला हवं, नाहीतर एका सत्तरीच्या बाईने शेजारणीचं दूध उतू घालवून तिला ससाणा बघायला का न्यावं, ते कळायचं नाही.

मावशी टेलिफोन ऑपरेटर होत्या. बत्तीस वर्षं एका लांब खोलीत, इतर चौदाजणींबरोबर, भिंतीएवढ्या बोर्डापुढे बसून त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली. बोर्डावर दिवा लागला की दोरी उचलायची, भोकात घालायची, "नंबर प्लीज" म्हणायचं. हेडफोनच्या पट्टीने डोक्यावर भांगासारखी आडवी खूण पडायची, ती नोकरी सुटल्यावरही दोन वर्षं गेली नाही म्हणे. माणूस नाव सांगायच्या आधी नुसत्या श्वासावरून त्या त्याला ओळखायच्या. "हॅलो" कसं म्हटलं यावरून घरात भांडण झालंय, कुणी आजारी आहे की मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत, हे त्यांना कळायचं. मात्र जोडून दिलं की त्या बाजूला व्हायच्या. "कानाला दार असतं," त्या म्हणायच्या. "ते लावता आलं पाहिजे. नाहीतर ती नोकरी माणसाला खाते."

लग्न राहून गेलं. धाकट्या भावाचा संसार याच घरात होता, आणि त्याच्या मुलाला, म्हणजे भाच्याला, मावशींनीच वाढवलं. नात्याने त्या त्याच्या आत्या, पण त्याची आई त्यांना ताई म्हणायची म्हणून तोही ताईच म्हणतो. भाऊ गेला, मग भावजय गेली, भाचा नोकरीच्या मागे लांबच्या शहरात गेला. त्याच सुमारास बोर्ड निघाला आणि लोक आपले आपणच फोन लावायला लागले. मावशी घरी आल्या आणि घर रिकामं होतं.

"पहिले दोन महिने मी नळ चालू ठेवायची," एकदा त्यांनी मला सांगितलं होतं. "काहीतरी वाजत राहावं म्हणून."

मग एका दुपारी मागच्या खोलीत भाजी निवडत असताना त्यांच्या लक्षात आलं की अंगणात कुणीतरी कुणाला तरी बोलावतंय. आमच्या दोन घरांच्या मधल्या भिंतीवर एक जुनं तुतीचं झाड ओणवलेलं आहे. त्यात बुलबुल, शिंपी, चिमण्या, खारी असा सगळा बाजार भरतो. रोजचा कलकलाट वेगळा, आणि आता चाललंय ते वेगळं, हे मावशींच्या कानाने टिपलं. खार एकाच सुरात, थांबून थांबून ओरडत होती. तिला बुलबुलाने जोड दिली. मग पलीकडच्या अंगणातली खार बोलायला लागली. "बोर्ड पेटला गं," मावशी म्हणाल्या. "एका दिव्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. म्हटलं, ही बातमी आहे. कुणाची आहे?"

ती ससाण्याची, आणि ससाणे तीन तऱ्हेचे, हे शोधण्यात त्यांनी चार वर्षं घातली. तीही बसल्या जागेवरून, कारण लांबची नजर लहानपणापासून अधू. चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडासारखी. भिंतीवरची खार त्यांना दिसते, झाडातला पक्षी दिसत नाही. त्यांनी तो बघायचा खटाटोपही कधी केला नाही. "कॉल करणाऱ्याचं तोंड कुठे दिसायचं आम्हाला?" असं त्यांचं म्हणणं.

म्हणून त्यांनी ससाण्यांना आपल्या कामातली नावं दिली. पूर्वी लांबचे फोन तीन प्रकारचे असायचे. ऑर्डिनरी म्हणजे लागेल तेव्हा लागेल. अर्जंट म्हणजे आधी लावायचा. आणि लाइटनिंग आला की बाकी सगळ्यांचं बोलणं बाजूला सारून त्याला वाट द्यायची. मावशींच्या अंगणात कावळ्यांनी गोंधळ घातला पण चिमण्या आपल्या खात राहिल्या, तर तो ऑर्डिनरी. खारी आणि बुलबुल मिळून अर्धा तास ओरडले, तर अर्जंट. आणि एक बारीक, सुईसारखी शीळ आली आणि तिच्यामागून सगळं अंगण दहा मिनिटं मेल्यासारखं गप्प झालं, तर लाइटनिंग. तो फक्त थंडीत यायचा.

आम्ही इथे राहायला आलो त्याला आठ वर्षं झाली. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले. त्याचा उपयोग आजवर झुरळ बघून न किंचाळण्यापुरताच झाला होता. पण माझ्याकडे पक्ष्यांचं एक जुनं पुस्तक होतं. पहिल्याच आठवड्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "नवीन सूनबाई, तुमच्या डोक्यावर अर्जंट बसलाय, बघा." मला वाटलं बाईचा तोल गेलेला दिसतोय. वर पाहिलं तर खरोखरच पानांत कबुतराएवढा करडा पक्षी. छातीवर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा, गळ्यावर मधोमध एक काळपट उभी रेघ, आणि डोळा लालभडक. पुस्तक उघडलं. शिक्रा.

तेव्हापासून आमचं जमलं. त्या कानाने सांगायच्या, मी डोळ्यांनी ताडून बघायची. ऑर्डिनरी निघाली घार, पण मावशींच्या हिशेबात तीही ससाणाच. लाइटनिंगने माझी चार महिने परीक्षा पाहिली, कारण तो भिंतीला लागून खालून जायचा आणि मी मान वळवेपर्यंत एखादी चिमणी कमी झालेली असायची. शेवटी एका सकाळी दिसला. बारीक अंगाचा, डोळ्यावर पांढरी भुवई, गळ्यावर रेघ नाही. पुस्तकात त्याचं नाव बाशा. मी एकदाच मावशींशी पैज लावली की आज बाशा आलाय, मी स्वतः पाहिलाय. "खार बोलतेय ना अजून?" त्या म्हणाल्या. "बाशा असता तर ती तोंड उघडती का? अर्जंट आहे तो. नीट बघ." नीट बघितलं. गळ्यावर रेघ होती.

मावशींच्या स्वयंपाकघरात एक मोठं भिंतीवरचं कॅलेंडर असतं. त्यावर रोजच्या चौकोनात पेन्सिलीने खुणा. ऑर्डिनरीला एक रेघ, अर्जंटला दोन, लाइटनिंगला फुली. दुसरं काही त्या चौकोनांत कधी लिहिलेलं मी पाहिलं नाही. रविवारी भाच्याचा फोन यायचा, त्यात त्याला आठवड्याच्या रेघा वाचून दाखवायच्या. त्याची मुलगी पाच वर्षांची. ती म्हणे विचारायची, "आजी, आज फुली आली का?"

तर त्या सकाळी मी पुस्तक घेऊन मागे गेले. मावशींनी आधी मला स्वयंपाकघरात नेऊन कॅलेंडर दाखवलं. नऊ चौकोनांत नऊ प्रश्नचिन्हं.

"नऊ दिवस झाले," त्या हळू आवाजात म्हणाल्या, जणू तो ऐकेल. "अंगणात चिडीचूप. खार नाही, बुलबुल नाही, शिंपी नाही. मी आधी म्हटलं, माझी सर्दी. पण सर्दी जाऊन आठवडा झाला. आणि गंमत काय, कावळे बोलताहेत. कबुतरं घुमताहेत. म्हणजे मोठ्यांना त्याची भीती नाही आणि बारक्यांची वाचा बसलीय. लाइटनिंग येतो तर दहा मिनिटं बंद. हा नऊ दिवस बोर्ड बंद ठेवून बसलाय! हा नवीन आहे. माझ्या कानाखालून अजून न गेलेला. तू बघ आणि सांग."

त्यांच्या गालांवर रंग चढला होता. मी मागचं दार उघडलं.

तुतीला फळं धरली होती. दोन बुलबुल एकमेकांवर तुटून पडले होते. शिंपी तर असा ओरडत होता की एवढ्याशा अंगातून हा आवाज निघतो कसा याचं नवल वाटावं. भिंतीवर दोन खारी भांडत होत्या. कलकलाट नुसता.

मावशी माझ्या मागे उंबऱ्यात उभ्या होत्या. कान झाडाकडे करून, डोळे मिटून.

"बघ," त्या म्हणाल्या. "पान हलल्याचासुद्धा आवाज नाही."

मला दाराची घंटा आठवली.

त्याच वेळी खरं बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण मागे वळून त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. बत्तीस वर्षं आणि वर चौदा वर्षं जिने कानांवर काढली, तिला मी हे सांगायचं? तेही उंबऱ्यात उभं राहून, तिकडे दूध गॅसवर ठेवून?

"पानं दाट आहेत," मी म्हटलं. "दिसत नाहीये काही."

"मग तो दाट झाडातलाच असणार. तू बघत राहा."

घरी आले. दूध उतू गेलं होतं, आणि हे ओट्यावर फडकं फिरवत होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊन सांग त्यांना. उद्या रस्त्यावर गाडीचा भोंगा ऐकू आला नाही तर?" मी म्हटलं, सांगते. उद्या सांगते.

एक थाप मारली की दुसरी मारावी लागते. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून हाक आली, "दिसला का गं?" मी म्हटलं, "पुसटसा दिसला." "छातीवर काय? रेघा की ठिपके?" मी म्हटलं, "रेघा." "आडव्या?" "आडव्या." "आणि डोळा?" आता डोळा कुठला सांगायचा? मी म्हटलं, "पिवळा." त्या दुपारी बसून मी पुस्तक चाळलं, आणि माझ्या खोट्याला शोभेल असा एक पक्षी सापडलासुद्धा. बेसरा. घनदाट रानातला, सावलीत राहणारा, सहसा नजरेला न पडणारा. संध्याकाळी मी मावशींना ते पान वाचून दाखवलं. मन लावून, एका सुरात वाचलं, जसं मुलीला गोष्ट वाचते तसं.

"बेसरा," मावशी म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. मग पेन्सिल घेऊन त्यांनी एकेक प्रश्नचिन्ह खोडलं आणि प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं, बेसरा, बेसरा, बेसरा.

त्या आठवड्यात मावशी दहा वर्षांनी लहान झाल्या. दुधवाल्याला बेसरा, किराणावाल्याला बेसरा. पेपर टाकणाऱ्या बाबाला त्यांनी दारात थांबवून सांगितलं की रानातला पक्षी शहरात का येतो. रविवारी भाच्याला फोनवर सांगितलं. फोन ठेवून मला म्हणाल्या, "त्याला खरंच वाटेना. पण पोरगी हल्ली बोलत नाही गं माझ्याशी. तो फोन देतो तिच्या हातात, आणि ती नुसती धरून उभी राहते. मोठी व्हायला लागली की लाजतात. का रुसलीय कोण जाणे. मी म्हणते फुली आली गं, बेसरा आला गं, तर पलीकडे काही नाही."

 पाच वर्षांच्या मुलीचा आवाज केवढा बारीक असतो ते मला माहीत आहे. माझ्या घरी नमुना आहे.

"कळवायला हवं कुणाला तरी," बुधवारी मावशी म्हणाल्या. "पक्षी मोजणारे असतात ना? पेपरात येतं बघ त्यांचं. तू पत्र लिही. खाली दोघींची नावं टाकू. डोळे तुझे, कान माझे."

 "लिहिते," मी म्हटलं.

"आजच लिही. मी बसते इथे."

त्या सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही त्यांच्या मागच्या पायरीवर बसलो होतो. मांडीवर वही, हातात पेन, आणि मी "महोदय" लिहून पुढे अडले होते. मावशी मजकूर सांगत होत्या. "लिही, की गेले सोळा दिवस आमच्या परसात..."

आणि खार ओरडली.

अगदी ओळखीची, एका सुरातली, थांबून थांबून. तिच्यामागून बुलबुल. मग पलीकडच्या अंगणातून दुसरी खार. मी न बघता सांगू शकले असते की अर्जंट आलाय. आठ वर्षं त्यांनीच शिकवलं होतं. मी मान वर केली. तुतीच्या मधल्या फांदीवर तो होता, पाठ आमच्याकडे करून, शेपूट खाली सोडून. सगळं अंगण डोक्यावर घेतलं होतं पाखरांनी.

"...सोळा दिवस एक दुर्मिळ पक्षी मुक्कामाला आहे," मावशी सांगत होत्या. "दुर्मिळचा र्‍हस्व-दीर्घ नीट बघ. हं. त्याच्या येण्याने परिसरातील सर्व लहान पक्षी..."

त्या थांबल्या. त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली होती. भिंत आमच्यापासून सात-आठ हातांवर. तिच्यावर खार बसली होती, आमच्याकडे तोंड करून. शेपटी झटकत होती. प्रत्येक झटक्याला तिचं तोंड उघडत होतं, सगळं अंग मागेपुढे हलत होतं, गळ्याखालची कातडी थरथरत होती. उघडलं, मिटलं. उघडलं, मिटलं.

मावशी बघत राहिल्या.  मी वहीतल्या "महोदय"कडे बघत होते.

"ती ओरडतेय ना?" मावशींनी विचारलं.

"हो."

"केव्हापासून?"

"तुम्ही 'सोळा दिवस' म्हणालात तेव्हापासून."

"अर्जंट?"

"हो मावशी."

त्यांनी पदराने... नाही, रडल्या-बिडल्या नाहीत. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि खारीकडे बघितलं. खार ओरडतच होती.

"म्हणजे बेसरा नाहीच."

"नाही."

"होता कधी?"

"नव्हता."

मला वाटलं आता त्या मला दोन शब्द ऐकवतील. ऐकवले असते तर बरं झालं असतं. त्या आपल्या तळहातांकडे बघत बसल्या.

"म्हणजे पोरगी बोलत होती," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो तसाच ठेवू दिला, धरला नाही की झटकला नाही.

एवढ्यात शिक्रा झाडातून सुटला. तिरका खाली आला, भिंतीवरच्या पालीवर झेपावला, आणि ती पंजात धरून सरळ कपडे वाळत घालायच्या खांबावर येऊन बसला. आमच्यापासून पाच-सहा पावलांवर. लाल डोळा, विटकरी रेघा, सगळं स्पष्ट.

"मावशी, तो बघा. खांबावर."

मावशींनी मान पुढे काढली. भिंगांतून त्यांचे डोळे मोठे दिसत होते. तो पाल पायाखाली दाबून आमच्याकडे रोखून बघत होता, आणि मावशी त्याच्याकडे.

"एवढासाच?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, केवढा थोरला असेल. याच्या धाकाने मेले एवढे बोंबलायचे?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तो उडाला. मावशी उठून आत गेल्या आणि त्यांनी कडी लावली. मला वहीसकट भिंतीवरून चढून घरी यावं लागलं, कारण पुढच्या दाराची वाट त्यांच्या घरातूनच जाते.

दोन दिवस त्या बाहेर दिसल्या नाहीत. पेपर दारात पडून राहायचा, मग दुपारी केव्हातरी आत जायचा. तिसऱ्या दिवशी मी जाऊन त्यांची खिडकी जोरात वाजवली आणि म्हटलं, कानाच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. त्या तयारच होत्या. या वेळी चपला एकसारख्या होत्या.

दवाखान्यात काचेची एक लहानशी खोली असते. आत एक खुर्ची, एक हेडफोन आणि हातात धरायचं एक बटण. तिथली मुलगी समजावून सांगायला लागली, "आजी, हे असं डोक्यावर..." तोवर मावशींनी हेडफोन उचलून एका हाताने पट्टी सरकवली, केसांखालून वायर मागे टाकली, कानावर बसवला आणि पाठ ताठ करून समोर बघितलं. मुलगी म्हणाली, "अरे वा! सवय दिसतेय."

"आवाज आला की बटण दाबायचं," मुलगी म्हणाली. "कितीही बारीक असू दे."

"कळलं," मावशी म्हणाल्या.

मी काचेबाहेर उभी होते. सुरुवातीला बटण दाबलं जात होतं. टक, टक. मग अंतर वाढलं. मुलगी यंत्राची चकती थोडी थोडी फिरवत होती आणि समोरच्या कागदावर ठिपके देत होती. ठिपके उतरणीला लागले. आत मावशी तशाच ताठ बसल्या होत्या, अंगठा बटणावर तयार, नजर समोर, भुवया जराशा वर. दिवा लागायची वाट बघणाऱ्या माणसासारख्या. मुलीने चकती फिरवली. अंगठा हलला नाही. पुन्हा फिरवली. नाही. मावशींनी एकदाच डावा हात वर नेऊन हेडफोन कानावर आणखी घट्ट दाबला.

डॉक्टर भले होते. मोठ्याने बोलायचे, पण ओरडायचे नाहीत. म्हणाले, हे एका दिवसात झालेलं नाही, वर्षानुवर्षं हळूहळू जात होतं, सर्दीने उरलंसुरलं नेलं. कानाला यंत्र लावू. समोरासमोरचं बोलणं, फोन, घंटा, यांत फरक पडेल. नातीचंही बरंचसं कळेल, तिला सावकाश बोलायला सांगा.

"आणि पाखरं?" मावशींनी विचारलं.

डॉक्टरांनी कागदावरच्या ठिपक्यांकडे बघितलं. "खोटं सांगत नाही," ते म्हणाले. "इतका बारीक आवाज परत येईल असं वाटत नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, पण माझे कान तापले.

यंत्र यायला दोन आठवडे लागणार होते. आम्ही बसच्या थांब्यावर येऊन बाकावर बसलो. दुपारची वेळ, थांब्यावर आम्ही दोघीच. समोरच्या तारेवर चिमण्या होत्या. त्या बोलत होत्या की गप्प होत्या, मी मुद्दाम लक्ष दिलं नाही.

"मावशी, चुकलं माझं," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं.

"ओरडू नकोस. तुझा आवाज येतो मला." मग म्हणाल्या, "आमच्यात एक होती. नंबर लागत नसला की सांगायची, लावतेय हं, लावतेय. लोक बिचारे तासंतास फोन धरून बसायचे. चांगुलपणाने करायची ती. तिला वाटायचं, नाही म्हटलं की त्यांना वाईट वाटेल."

 रस्त्यावरून दोन-तीन गाड्या गेल्या.

"रबर आहे का तुझ्याकडे? खोडायचं?" त्यांनी विचारलं. "माझं झिजलंय. सोळा चौकोन पुसायचे आहेत."

"मुलीचं आहे. घरी गेल्यावर देते."

"दे." त्यांनी पिशवी मांडीवर सरळ केली. मग माझ्याकडे वळल्या, तोंड नीट माझ्यासमोर आणलं, आणि काही काम सांगावं तसं सांगितलं.

"रोज सकाळी तुझी कामं आटोपली की दोन मिनिटं भिंतीपाशी येत जा. कोण आलंय ते मला सांग. आणि कुणी आलं नसेल, तर कुणी आलं नाही असं सांग."